वाचकांचे प्रश्न : आउटबोर्ड मशीन स्लोला का टिकत नाही?

पाऊस सरला, होड्या पाण्यात उतरल्या की या सदरात एकाच तक्रारीची पत्रं येतात: आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेलं मशीन, पळतं छान, पण हँडल सोडून स्लोला (आयडलला) आणलं की बंद पडतं. या वेळी पूर्ण सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझं ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. पावसाळ्यात तीन महिने मशीन शेडमध्ये होतं. आता फुल थ्रॉटलला काही त्रास नाही, पण जेटीला लावताना स्लो केलं की दोनदा खोकतं आणि बंद पडतं. मेकॅनिकने आयडलचा स्क्रू आत घेऊन स्पीड वाढवून दिलं. बंद पडायचं थांबलं, पण आता गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. असंच चालवलं तर चालेल का?
– एक वाचक, तारकर्ली

नाही, असं चालवू नका. तो खाडकन आवाज खालच्या गिअरबॉक्समधल्या क्लच डॉगचा, म्हणजे गिअर अडकवणाऱ्या दातेरी तुकड्याचा आहे. त्याच्या दातांचे कोपरे चौकोनी असतात. मशीन जोरात फिरत असताना गिअर टाकला की ते कोपरे ठोकले जाऊन गोल होतात. गोल झाले की ऐन लाटेत, जोर दिल्यावर गिअर आपोआप सुटतो. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, साफ करायचं काम दोन तासांचं आहे. क्लच डॉग बदलायचा तर पूर्ण खालचं युनिट उघडावं लागतं. म्हणून आधी तो स्क्रू जुन्या जागी आणा आणि मूळ दुखणं शोधा.

पहिली गोष्ट, मशीन बंद कसं पडतं ते नीट ऐका. दिवा मालवावा तसं एकदम, काही न बोलता बंद झालं तर करंट बघायचा: किल स्विच, त्याची लाल दोरी, कॉइल, प्लगच्या टोप्या. जड होत, धूर सोडत, बुडाल्यासारखं बंद झालं तर पेट्रोल जास्त जातंय. आणि तुमच्यासारखं, कार्बोरेटरमधून ‘फट्, फट्’ असं शिंकून बंद झालं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.

याची खात्री करायला हत्यार लागत नाही. मशीन गरम करा, स्लोला आणा, आणि बंद पडायच्या बेतात आलं की चोक थोडासा, पाव भाग ओढा. सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. पुन्हा तीच वेळ येऊ द्या आणि या खेपेला चोकला हात न लावता पाइपवरचा प्रायमरचा रबरी फुगा दाबत राहा. फुगा दाबल्यावर सावरलं तर दोष टाकीपासून फ्युएल पंपापर्यंत कुठेतरी आहे. चोकने सावरतं पण फुग्याने नाही, तर कार्बोरेटरचं स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं) तुंबलंय किंवा कार्बोरेटरच्या पुढे कुठेतरी फट आहे. तीन महिने उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा स्लो जेटच निघतं. तरी वाटेतलं आधी बघून घ्या, कारण ते सोपं आहे.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद राहिला तर पाच-दहा मिनिटांनी टाकीत ओढ तयार होते आणि फुगा चपटा होतो. चालू मशीनवर फुगा चपटा दिसला तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे: व्हेंट, टाकीतली जाळी किंवा आतून सोललेला पाइप. बंद मशीनवर फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर त्याचा व्हॉल्व्ह गेलाय, कुठे जोड सुटलाय, किंवा कार्बोरेटरची फ्लोट-सुई बसत नाही. फुग्यावरच्या बाणाचं टोक मशीनकडे हवं. आणि पाइपच्या कनेक्टरमधली रबरी रिंग बोटाने चाचपून बघा. ती चिरली की पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून ती नजरेतून सुटते.

मग पेट्रोल. टाकीच्या तळातलं अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल वापरायचं नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की ओलावा भरपूर मिळतो. पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. टाकीतला पाइप तळातूनच ओढतो, म्हणजे मशीनला पहिला घोट त्याचाच जातो. टू-स्ट्रोकला याचा दुहेरी धोका आहे. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि खालच्या थरात ते जवळजवळ नसतं. बेअरिंग कोरडी फिरतात.

आता कार्बोरेटर. काढण्याआधी पायलट स्क्रू, म्हणजे आयडलचं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर ठरवणारा स्क्रू, हलक्या हाताने आत फिरवून टेकेपर्यंत न्या आणि किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. ‘दीड’, ‘सव्वा’ असं, अष्टमांश फेऱ्यापर्यंत. टेकल्यावर आवळू नका, सुईच्या टोकावर वळ उठतो आणि मग ती कधीच नीट सेट होत नाही. खालची वाटी उघडली की तळाशी तुरटीच्या पुडीसारखा पांढरा खर दिसेल. पेट्रोलमधल्या पाण्याने ॲल्युमिनियम खाल्लं की तो तयार होतो. पितळी जेटवर हिरवट, चिकट साय असते. सुकलेलं पेट्रोल ते हेच.

मेन जेट सगळे साफ करतात. स्लो जेट मात्र बऱ्याच कार्बोरेटरमध्ये रबरी किंवा प्लास्टिकच्या बुचाखाली लपलेलं असतं, आणि ‘कार्बोरेटर साफ केला तरी तसंच’ असं ऐकू येतं तेव्हा ते बूच उघडलेलंच नसतं. जेट बरोबर मापाच्या पेचकसाने काढा, पितळ मऊ असतं. त्याचं भोक मिलिमीटरभरही नसतं. आभाळाकडे धरून बघा: पूर्ण गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तरी ते जेट तुंबलेलंच आहे. तार घालू नका. तारेने भोक ओरखडतं, मोठं होतं, आणि मग आयडल कायमचं जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फार तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस चालेल. रबर आणि फ्लोट क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात.

जेटवर थांबू नका. कार्बोरेटरच्या नळीत, थ्रॉटलची चकती जिथे टेकते त्या कडेपाशी, सुईच्या टोकाएवढी दोन-तीन भोकं असतात. स्लोचं पेट्रोल तिथून बाहेर येतं. डोळ्यांवर चष्मा लावून पायलट स्क्रूच्या जागेतून क्लीनरचा फवारा मारा आणि नळीत बघा. प्रत्येक भोकातून बारीक धार उडाली पाहिजे. एक जरी कोरडं राहिलं तरी काम अपुरं आहे. आम्ही याच एका तपासणीवर सगळ्यात जास्त भर देतो.

बसवताना गॅस्केट नवीन घाला. जुनी आवळली की बसल्यासारखी वाटते, पण हवा घेते. शंका असेल तर चालू मशीनवर कार्बोरेटरच्या बुडाशी टू-टी ऑइलचा ब्रश फिरवा. क्षणभर आयडल सुधारलं की फट तिथेच आहे. झाकण उघडं असताना फ्लायव्हील फिरत असतं. उपरणं, सैल बाही, गळ्यातली साखळी लांब ठेवा.

सेटिंग शेवटी. होडी पाण्यात, दोन्ही बाजूंनी घट्ट बांधलेली, मशीन दहा मिनिटं चालून गरम झालेलं, गिअर पुढचा. पायलट स्क्रू पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांवर ठेवा. पुस्तक नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. आता अष्टमांश फेरा आत, आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. मशीन अडखळून शिंकेपर्यंत असं करत जा आणि ती जागा लक्षात ठेवा. मग बाहेर काढत जा. एका जागी ते गुळगुळीत चालेल, आणखी काढलं की जड होऊन धूर देईल. त्या दोन टोकांच्या मधली जागा धरा आणि तिथून अष्टमांश फेरा जाड बाजूला ठेवा. अगदी पातळ, म्हणजे कमी पेट्रोलच्या मिक्श्चरवर आयडल ऐकायला गोड लागतं, पण हँडल झटकन फिरवलं की मशीन गुदमरतं. हे सगळं झाल्यावरच थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने आरपीएम पुस्तकातल्या आकड्यावर आणा. कानाने अंदाज करू नका. प्लगच्या वायरला लावायचा छोटा टॅकोमीटर फार महाग नसतो.

पायलट स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिक्श्चर जाड होतं. हवा शिरते त्या तोंडाच्या बाजूला असेल तर उलट. आधी जागा बघा, मग फिरवा.

प्रश्न : पाण्याची नळी लावून अंगणात चालवलं की आयडल एकदम स्थिर. समुद्रात गिअर टाकला की मशीन बंद. कार्बोरेटर दोनदा साफ झालाय.
– एक वाचक, हर्णै

अंगणात सेट केलेलं आयडल समुद्रात टिकत नाही, कारण अंगणात एक्झॉस्टवर पाण्याचा दाब नसतो आणि पंख्यावर (प्रोपेलरवर) बोजा नसतो. नळीवर मशीन मोकळं, जास्त आरपीएमला फिरतं. म्हणून वर लिहिल्याप्रमाणे पाण्यात, गिअरमध्येच सेट करा. गिअर टाकल्यावर शंभर-दोनशे आरपीएम उतरणं ठीक आहे. तीनशेच्या वर उतरत असेल तर काहीतरी पंख्याला धरून ठेवतंय. मशीन बंद करा, किल स्विचची दोरी काढा, प्लगच्या टोप्या काढा, न्यूट्रलला पंखा हाताने फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. नंतर पंखा काढून त्याच्यामागे बघा. जाळ्याची नायलॉन दोरी शाफ्टवर गुंडाळून, वितळून चकतीसारखी बसलेली पुष्कळदा सापडते. ती ऑइल सील कापते. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरा सैल करा. दुधासारखं ऑइल आलं तर सील गेलंय, पाणी आत आहे, आधी ते काम करा.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारावीशी वाटते: समुद्रात जाताना मागच्या बाजूला किती माणसं आणि जाळी असतात? आयडलला एक्झॉस्टचा धूर पंख्यातून जात नाही, मशीनच्या मानेवरच्या लहान भोकातून पाण्यावर बाहेर पडतो. मागची बाजू वजनाने खाली बसली की ते भोक बुडतं आणि मशीनचा श्वास कोंडतो. माणसं पुढे सरकवून एकदा चालवून बघा. फरक पडला तर मशीन टांगलंय किती खोल तेही मोजा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी. १५ इंची ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर, २० इंची शाफ्टचं मशीन लावलेलं असेल तर पट्टी १२-१३ सेंटिमीटर खाली जाते, भोक पाण्याजवळ येतं आणि पाण्यासारखं पेट्रोल पितं ते वेगळंच.

प्रश्न : गरीने मासे धरताना मशीन तास-तासभर स्लोला ठेवावं लागतं. अर्ध्या तासात प्लग काळे, ओले होतात आणि एका सिलिंडरवर चालतं. टू-स्ट्रोक, २५ एचपी. ‘गरम होतं’ म्हणून गेल्या वर्षी थर्मोस्टॅट काढून टाकलाय.
– एक वाचक, अर्नाळा

उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मशीन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप. ती नसेल तर स्लोला मशीन गरमच होत नाही. समुद्राचं पाणी थेट फिरतं, सिलिंडर थंड राहतात, पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि प्लग ओले होतात. नवीन थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी भांड्यातल्या पाण्यात, थर्मामीटर लावून तापवा. साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागला पाहिजे. नेमका आकडा त्याच्यावर किंवा पुस्तकात असतो. गेल्या वर्षी मशीन गरम होत होतं त्याचं कारण मात्र अजून तिथेच असेल: झिजलेला इम्पेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा), नाहीतर पाण्याच्या वाटांत साचलेलं मीठ. थर्मोस्टॅट लावताना इम्पेलरही बदला, नाहीतर पुन्हा तो काढायची पाळी येईल.

मग ऑइल. पेट्रोल आणि ऑइलचं ५०:१ प्रमाण म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ असं बंदरावर सर्रास सांगतात. ते बरं नाही, प्लग त्यानेच बुजतात. मोटरसायकलचं टू-टी ऑइल घालू नका. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच लागतं, ते जळून राख सोडत नाही. पुस्तकात ५०:१ ऐवजी दुसरं प्रमाण दिलं असेल तर तेच धरा.

दोन्हीतला एकच प्लग सारखा ओला होत असेल तर ऑइलला दोष देण्याआधी फ्युएल पंप उघडा. त्याचा पडदा एका सिलिंडरच्या क्रँककेसमधल्या दाबाने हलतो. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं की पेट्रोल तिथून थेट त्याच सिलिंडरमध्ये शिरतं. पडदा उजेडासमोर ताणून बघा.

प्लगचा गॅप कंपनीच्या आकड्यावर ठेवा. एनजीकेच्या नंबरच्या शेवटी ‘-१०’ असेल तर तो १.० मिमी. एक नंबर गरम प्लग, म्हणजे एनजीकेमध्ये ८ च्या जागी ७, हा उपाय आम्ही सुचवणार नाही. घरी येताना फुल थ्रॉटल दिलं की तोच प्लग पिस्टनला महाग पडतो. त्यापेक्षा दर पंधरा मिनिटांनी मिनिटभर मशीन वर न्या, साचलेलं पेट्रोल साफ होतं.

एवढं करूनही एक सिलिंडर मागे राहिलं तर दोन्ही प्लग काढून, वायर अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्बोरेटरशी झगडून उपयोग नाही.

प्रश्न : फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शन, ६० एचपी. आयडल ७०० ते १,००० मध्ये हेलकावे खातं. स्कॅनरवर एकही कोड नाही. डिपस्टिकवर ऑइल मात्र वाढलेलं दिसतं.
– एक वाचक, बेती (गोवा)

आधी डिपस्टिकचं. ऑइलला पेट्रोलचा वास येतो का ते बघा. येत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का तपासा. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो, ते जळत नाही आणि रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत, म्हणून ऑइल बदलल्याशिवाय लांब जाऊ नका.

हेलकाव्यांसाठी आयडलची हवा सोडणारा व्हॉल्व्ह काढून बघा. त्याच्या टोकावर काळा, चिकट थर बसतो. कपड्यावर थ्रॉटल बॉडी क्लीनर घेऊन पुसा. व्हॉल्व्हच्या आत फवारा मारू नका, मोटर खराब होते. थ्रॉटलच्या चकतीची कडही पुसा. तिथला स्टॉप स्क्रू कारखान्यातून सेट करून रंगाने सील केलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. इंजेक्शनच्या मशीनमध्ये आयडल कॉम्प्युटर ठरवतो. स्क्रू हलवला की थ्रॉटल सेन्सरचा शून्य चुकतो आणि मग खरोखरच कोड यायला लागतात. त्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलवरचा हिरवा बुरा आणि मशीनखालच्या अर्थच्या जोडण्या साफ करा. १० मायक्रॉनचा पाणी वेगळा करणारा फिल्टर नसेल तर लावून घ्या. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आहे आणि पंपावर त्याच्या दुप्पट मिळतंय. आपल्या हातात एवढंच आहे की पेट्रोल ताजं घ्यायचं, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच.

प्रश्न : उजनीच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला नेतो. ९.९ एचपी. वरचं झाकण काढलं की छान चालतं, लावलं की पाच मिनिटांत बंद.
– एक वाचक, भिगवण

झाकणाखाली मशीन बहुधा स्वतःचाच धूर पितंय. झाकण काढून, थंड मशीन सुरू करा आणि एक्झॉस्ट कव्हरच्या गॅस्केटच्या कडेने हात न लावता बघा. काळी ओघळ किंवा फुसफुस दिसेल तिथे गळती आहे. गॅस्केट बदला. गळती नसेल तर झाकणाच्या मागच्या हवेच्या तोंडात बघा. गवत, पिसं, गांधीलमाशीचं घर, काहीही निघू शकतं. झाकण काढून चालवत राहू नका. शिंतोडे उडतात आणि फ्लायव्हील उघडं राहतं.

प्रश्न : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या काळात मशीन कसं ठेवावं, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर हा त्रास होणार नाही?
– एक वाचक, मुरूड

गोड्या पाण्याची नळी लावून दहा-पंधरा मिनिटं चालवा. शेवटी पेट्रोलचा पाइप काढा आणि स्लोला मशीन आपोआप बंद पडेपर्यंत थांबा, पाणी मात्र चालू ठेवा. वाटीत तरीही चमचाभर पेट्रोल उरतंच, आणि जेट नेमकं तेवढ्यानेच तुंबतं. म्हणून वाटीखालचा ड्रेन स्क्रू काढून ते सोडा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत लावा. गिअर ऑइल आत्ताच बदला, पावसाळ्यानंतर नाही. आत पाणी शिरलं असेल तर ते दोन महिने बेअरिंग खात बसतं. मशीन उभंच ठेवा, आडवं नको, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरकडे जात नाही. टाकीतलं पेट्रोल काढून टाका. ऑइल मिसळलेलं असेल तर ते मोटरसायकलमध्ये घालू नका. आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा पेट्रोल नवं, प्लग पुसलेले आणि टाकीचा हवेचा स्क्रू उघडा असू द्या.